मोटारीला मुजरा

माझे मामा सांगली संस्थानात कारकुनी करून निवृत्त झाले होते. मी साताऱ्याचा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला. "तुम्हाला नुसता कलेक्टर, आम्हाला घरचा राजा आहे," असं ते मला येताजाता ऐकवायचे.

संध्याकाळी आम्ही आमराई या जुन्या बागेत रमतगमत फेरी मारायचो. मामांच्या अंगावर उपरणं, डोक्यावर पगडी. झाडांकडे त्यांचं लक्ष नसेच, कान भोंग्याकडे. संस्थानची काळी मोटार आली की बागेतली सगळी पेन्शनर मंडळी जागच्या जागी थांबून मुजरा करायची.

एकदा मी डोकावून पाहिलं, तर आत फक्त ड्रायव्हर.

"मामा, राजेसाहेब नाहीत आत."

"गाढवा, मुजरा आत बघून करायचा नसतो."

पुढे संस्थान विलीन झालं आणि ती मोटार एका हळदीच्या व्यापाऱ्यानं घेतली. त्यानंतर मी सांगलीला गेलो, तेव्हा आम्ही आमराईत बाकावर टेकलो होतो. ओळखीचा भोंगा वाजला. मागच्या सीटवर हळदीचं पोतं विराजमान होतं.

मामा उठले, पगडी सावरून वाकले आणि माझ्यावर खेकसले, "बसलायस काय? ऊठ. आता तुझं-माझं राज्य एकच आहे."