पश्चिम वर असलेला नकाशा

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी माझी मुलगी प्राजक्ता अकोल्यात तिच्या परीक्षा केंद्रापासून दीडशे फुटांवर चहा पीत होती. केंद्र कुठे आहे, हे तिला, तिच्या आईला किंवा मला माहीत नव्हते. फाटक दहाला बंद होणार होते.

प्राजक्ता नर्स आहे. परदेशातल्या एका इस्पितळाने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच होती, इंग्रजीचे प्रमाणपत्र मुदतीत पोहोचले पाहिजे. मुदतीत बसणारी ही शेवटची परीक्षा. अमरावतीहून तिला नेण्याची जबाबदारी मी घेतली. (ती मला कोणी दिली नव्हती, हे माझ्या पत्नीने, सुनंदाने, नंतर अनेकदा स्पष्ट केले आहे.)

त्याआधी महिनाभर घरात इंग्रजी भविष्यकाळ चालू होता. सुनंदा पुस्तकातून विचारी, प्राजक्ता उत्तरे देई. मी पोहोचेन, मी पोहोचणार आहे, दहा वाजता मी पोहोचलेली असेन. इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळे रूप आहे आणि मला ती सगळी जेवताना ऐकावी लागत. वाचनाच्या सरावाला नकाशांच्या इतिहासावर एक उतारा होता. तो मी वाचला. तिथून पुढचे सगळे घडले.

नकाशात उत्तर वर असलीच पाहिजे असा नियम पूर्वी नव्हता. कोणी पूर्व वर ठेवी, कोणी दक्षिण. मला हे फार पटले. मी तीस वर्षे वर्तमानपत्रात काढली, त्यातली चार अकोल्यात. अकोला अमरावतीच्या पश्चिमेला आहे. म्हणून पश्चिम वर ठेवून मी अकोल्याचा नकाशा आठवणीने, हाताने काढला. त्यावर दिशा लिहिली नाही. प्रत्येक बातमी दोन ठिकाणी तपासून घेणाऱ्या माणसाने तो नकाशा एकाही ठिकाणी तपासला नाही.

बडनेरा मागे पडल्यावर प्राजक्ताने विचारले, "बाबा, मोबाइलवर रस्ता लावू का?"

"काही गरज नाही. चार वर्षं राहिलो मी तिथं."

"वीस वर्षं झाले त्याले," सुनंदा म्हणाली.

"रस्ते काय उठून दुसरीकडे जातात का?"

अकोल्याच्या तोंडाशी रस्ता खोदलेला होता. वळणमार्गाने आम्ही भलत्याच बाजूने शहरात शिरलो. सुनंदाने कागद आडवा धरला, मग उभा, मग पुन्हा आडवा.

"याच्यात वर काय हाय?"

"पश्चिम."

"अन् आपण कुठून आलो?"

"उलटा धरून पाहा," मी म्हणालो.

"उलटाच धरला हाय मी."

मागच्या सीटवरचा भविष्यकाळ एव्हाना बंद पडला होता.

जठारपेठेत मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानासमोर एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. रस्ता विचारायला मी गाडी थांबवली. तोंड उघडण्याआधी त्यांनी नंबर प्लेट वाचली.

"अमरावतीचे का? कुठचे?"

"राजापेठ."

"अरे! माही साळी राजापेठेतच देली हाय. गावंडेची सून."

"बाई, थे तं आमच्या भजनी मंडळात हाय," सुनंदा म्हणाली.

"मंग असे उभ्या उभ्या जाता का? या, चाय घेऊन जा."

"नाही जी, पोरीची परीक्षा आहे."

"परीक्षेले काय उपाशी नेता का पोरीले? पाच मिनिटं लागते."

वऱ्हाडात नातेवाइकाला दारातून चहाविना जाऊ देत नाहीत, आणि आम्ही दीड मिनिटात नातेवाईक झालो होतो. चहा उकळत आला. साळीची तब्येत निघाली, तिच्या मुलाची सोयरीक निघाली. (सोयरीक जमली नव्हती, त्याची कारणे निघाली.) प्राजक्ताने जीभ भाजून घेत पहिला कप संपवला आणि घड्याळ आईला दाखवले. आम्ही हात जोडून निघालो.

कोपऱ्यावर सुनंदाने विचारले, "आता डावीकडं का उजवीकडं?"

रस्ता विचारायचा राहिला होता.

परत जाणे म्हणजे दुसरा चहा. त्यामुळे पुढे जायचे, हा निर्णय माझा.

दोन चौक गेल्यावर प्राजक्ता म्हणाली, "बाबा, थांबवा." आवाज शांत होता. मी थांबवली. तिने ऑटो अडवून चालकाला प्रवेशपत्र दाखवले. तो म्हणाला, "तिकडूनच तं आले न तुमी." ती ऑटोत बसली. आम्ही गाडी घेऊन तिच्या मागे निघालो.

ऑटो मोटारपंपाच्या दुकानाशेजारच्या गल्लीत वळला. गृहस्थ खुर्चीवरून उठले.

"आले का? बसा न."

"परीक्षा केंद्र..." मी म्हणालो.

"आमच्या मांगच हाय. मंगाशी काहून नाई इचारलं?"

प्राजक्ता पळाली. नऊ अठ्ठावन्नला ती फाटकाच्या आत होती. परीक्षा संपेपर्यंत सुनंदाने आणि मी गृहस्थांकडे आणखी तीन चहा घेतले.

निकाल मुदतीत लागला. प्राजक्ता उत्तीर्ण झाली आणि प्रमाणपत्र वेळेत पोहोचले.

नागपूरच्या विमानतळावर जायला तिने टॅक्सी ठरवली. पुढे, चालकाशेजारी, सुनंदा बसली. मला मागे दोन बॅगांच्या मध्ये बसवण्यात आले.