ओसरीवरची रांग

नातीच्या नव्या घुंगरांना पितळेचा वास येत होता. "आजी, एकटीची शिकवणी लावू की सगळ्यांसोबतची?" तिनं विचारलं, आणि मी सेलूतल्या आमच्या शाळेच्या ओसरीवर जाऊन पोचले.

आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्याच वर्षी नागपूरहून नाच शिकवणाऱ्या बाई आल्या. माझ्याशेजारी आपली मुलगी नको, अशी काही आयांनी कुरकुर केली. तेव्हा बाई माझ्या आईला म्हणाल्या, "हिला मी एकटीलाच शिकवीन. जास्त लक्ष देता येईल."

मला ते भाग्यच वाटलं. त्यातली मेख कळायला बरीच वर्षं जावी लागली. आईला मात्र ती तिथल्या तिथं कळली. कापूस वेचून ती तशीच आली होती, पदराला पाचोळा चिकटलेला.

"एकटी काऊन? शिकन तं सगळ्याइच्या संगं शिकन," ती म्हणाली आणि मला रांगेच्या मधोमध उभं करून पायरीवर बसली.

दोघीतिघी आया आपापल्या मुलींना घेऊन निघून गेल्या. बाईंनी आईकडे पाहिलं, मग ताल धरला. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या सुमननं घामेजलेला हात पुढे केला. मी तो घट्ट धरला आणि पाय आपटला.