परतीची रिकामी गाडी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत हरभऱ्याची पोती मोजून घेत होते. चाकूरच्या बसस्थानकासमोर चहा पिता पिता ते बाकड्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रडण्याआधी मी कागद ओढला. कुणाकुणाला कळवायचं, जंगम स्वामींना कोण आणणार, शेतात खड्डा कोण घेणार, बसवून न्यायच्या विमानाला बांबू आणि फुलं कुठून... माझी सवयच ती. घरात काही झालं की बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि मी पेन शोधते. त्या यादीत सगळ्यात शेवटी मी 'गाडी' असं लिहिलं. शेत गावापासून लांब, तिथवर खांद्यावर नेणं शक्य नव्हतं. गाडी म्हणजे भाऊजींचीच पिकअप.

बसवराज, यजमानांचा बसू, माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जात होते. माझ्या हातची पहिली करपलेली भाकरी त्यांनीच खाल्ली आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वैनी, तुमच्या माहेरी कोळसा लई स्वस्त दिसतो." तेव्हापासून आमचं असंच चालायचं. पुढे दुकान माझ्या यजमानांनी सांभाळलं, शेत आणि गाडी भाऊजींनी घेतली, आणि कुणी कधी कुठं जायचं, काय आणायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या बोअरला अजून थोडी धार होती. भाऊजींनी पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकची मोठी टाकी बसवली आणि गल्लीला पाणी आणायला लागले. टाकी भरली की गाडी मागून पार बसायची. नाल्यातून वर चढताना खालचं लोखंड दगडांवर घासायचं, तो आवाज मला सहन व्हायचा नाही. भाऊजींचं म्हणणं साधं होतं, टाकी अर्धी भरू आणि एक फेरी जास्त मारू. मला ते पटलं नाही. अर्ध्या टाकीसाठी पुरती फेरी कशाला? मी चौकशी केली आणि दोघांनी मिळून गाडी लातूरला कमानपाट्यांचं, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांचं, काम करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. मागच्या चाकांवरच्या कमानीत जादा पाटे घालायचे, आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे देऊन गाडी चार बोटं उचलायची, म्हणजे भरली टाकी घेऊनही ती खाली बसणार नाही.

मिस्त्रीनं आधीच सांगितलं, "ताई, भरली की मऊ चालंल. पण रिकामी असली की उडंल बघा. हे पाटे वजन मागतेत." मी म्हटलं, रिकामी उडली तर उडू द्या, रिकाम्या गाडीत सांडायला काय असतंय? भाऊजी शेजारीच उभे होते. "मिस्त्री," ते म्हणाले, "रिकामी म्हंजी माझ्यासकट रिकामी बरं का." आम्ही सगळेच हसलो. मीही हसले.

काम चोख झालं. गाडी उंच दिसायला लागली, नाल्यात घासायची थांबली. आणि ओझ्याची काळजी मिटली म्हटल्यावर मी फेऱ्या वाढवल्या. आधी आमच्याच गल्लीची पाळी होती, मग मागची गल्ली घेतली, मग मठाकडची घरं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या कुठल्याच घरातली घागर कोरडी राहिली नाही. लोक मला दुवा द्यायचे आणि मला ते आवडायचं. जाताना गाडी रिकामी जायची, हे माझ्या डोक्यात कधी मोजलंच गेलं नाही. माझं लक्ष भरून येणाऱ्या गाडीकडे.

पाऊस आला, टाकी उतरली, पाटे मात्र राहिले. मग नांदेडच्या बाजारात भाजी न्यायला गाडी लागली. जाताना भरलेली, येताना रिकामी. भाऊजींच्या कमरेला पट्टा आला. नांदेडच्याच डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकलीय, हादरे टाळा, असं सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर ते म्हणाले, "वैनी, काढू का आता पाटे?" तेव्हा आमचं उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा जोरात होती. मी म्हटलं, शेताचा रस्ता तसाच आहे, पुन्हा दुष्काळ पडला तर पुन्हा घालत बसायचे का? जिल्हा झाला की रस्ते होतील, मग काढू. त्याचाच त्यांनी विनोद करून टाकला. कमरेत कळ आली की भिंत धरून उभे राहायचे आणि विचारायचे, "वैनी, कधी हो व्हायचा जिल्हा?" मी पोळी लाटता लाटता सांगायची, "पुढच्या साली." जिल्हा अजून झालेला नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. मांडी घातलेली, कपाळावर विभूती, तळहातात इष्टलिंग, आणि भोवती फुलांचं विमान. भाऊजी तसे ताठ बसलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. विमान हौद्यात ठेवलं, चौघे धरून उभे राहिले, यजमानांनी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे. त्यात मागचं चाक गेलं आणि गाडी उडाली. भाऊजी विमानासकट उचलले गेले आणि खाली आपटले. मान एका बाजूला गेली. माझी जाऊ, भाऊजींची महानंदा, मागून चालत होती, ती किंचाळली, "आवो, हळू हाणा की! त्यांची पाठ दुखती!"

गाडी थांबली होती. मी म्हटलं, "दुकानातली पोती आणा." माणसं पळाली. हरभऱ्याची पोती त्यांनी विमानाच्या चहूबाजूंनी लावत नेली आणि मी खाली वाकून कमानीकडे बघत राहिले. पाटे दबले, तेव्हा बास म्हटलं. मग गाडी अशी चालली की फुलसुद्धा गळलं नाही. नाल्यातही मान हलली नाही. समाधी झाल्यावर परतताना एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वैनीला बराबर सुचलं."

सुचलं म्हणजे काय... ते मला ठाऊकच होतं. वाळूची चार पोती हौद्यात कायमची टाकून ठेवली असती तरी भागलं असतं. एकदा मनात आलंही होतं, पण डिझेल जास्त जाईल म्हणून मी ते बोलले नाही. जिवंत माणसासाठी जे इतकी वर्षं झालं नाही, ते मेलेल्या माणसासाठी मी गल्लीत उभ्या उभ्या करून घेतलं. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं, पाठीचा त्याच्याशी संबंध नाही. यजमान मला तेच पुन्हापुन्हा सांगतात. खरं आहे ते. पण मी जिवाबद्दल बोलतच नाही. मी त्यांच्या दुखण्याबद्दल बोलते आहे.

मागच्या आठवड्यात यजमान म्हणाले, गाडी लातूरला नेऊन पाटे काढून आणतो. मी म्हटलं, आधी मला शेतापर्यंत न्या, रिकाम्या गाडीतून. इतक्या वर्षांत शेताच्या रस्त्यावर गाडी रिकामी असताना मी तीत कधी बसलेच नव्हते. महानंदा म्हणाली, "अक्का, मी बी येते." डांबर संपलं आणि हादरे सुरू झाले. प्रत्येक दगड आधी चाकाला, मग माझ्या कमरेला. दात एकमेकांवर आपटायला लागले. बोलायला तोंड उघडलं की जीभ चावली जायची. मी समोरची दांडी धरली, मग दोन्ही हातांनी धरली, आणि शेवटी म्हटलं, "थांबवा."

यजमानांनी गाडी थांबवली. स्वतःच्या पाठीमागे हात घालून त्यांनी एक घडी केलेली गोधडी ओढून काढली आणि मला दिली. "ही घे. आपला बसू हीच पाठीला लावायचा." महानंदानं शिवलेली होती, मध्ये चेपून पातळ झालेली. अशी काही गोधडी गाडीत आहे हे मला माहीत नव्हतं. महानंदा काचेतून पुढे बघत होती. सावकाश म्हणाली, "अक्का, नाला अजून म्होरं हाय."

गोधडी मी मांडीवर घेतली. पाठीला लावली नाही. म्हटलं, "चला."