तीनदा घासलेला खांब

माझ्या लग्नात मला लागली नसेल एवढी हळद आमच्या घराच्या एका खांबाला लागली आहे.

जुळे सोलापुरातल्या आमच्या दुमजली घराच्या पार्किंगमधल्या खांबाला तडे गेले. इंजिनिअर म्हणाले, "कार्बनचं कापड गुंडाळून चिकटवा, खांब भक्कम होईल. तोवर वरचा मजला रिकामा करा." वर दीर राहतात. म्हणजे दीर, जाऊबाई, दोन मुलं आणि त्यांचा खडखडणारा टेबलफॅन, सगळे खाली आमच्याकडे! हे चौघं, आम्ही दोघं, आमचा मुलगा आणि सासूबाई. माणसं आठ, बाथरूम एक. कापड चिकटलं की ते वर जाणार. त्यामुळे त्या कापडाची वाट माझ्याइतकी कुणीच पाहत नव्हतं.

सलीमभाई मिस्त्रींनी दिवसभर मशीन फिरवून खांब सोलला. प्लास्टर गेलं, आतली खडी दिसायला लागली, धारदार कडा गोल झाल्या.

"ताई, उद्या चिकटवतो. तोवर तेल, पाणी, धूळ, काय बी लागलं तर कापड धरत न्हाय बघा."

मी यादी केली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. दोनदा!

सकाळी पाहते तर दीर खुर्ची टाकून, खांबाला डोकं टेकवून पेपर वाचतायत! डोक्यावर खोबरेल. (त्या तेलात आमची आठवडाभराची भाजी झाली असती.) खांबावर ताटलीएवढा डाग!

"भाऊजी! काल काय वाचून दाखवलं मी?"

"हात लावू नका म्हणालात. हात कुठं लावलाय? हे बघा, दोन्ही पेपरवर हायत की!"

एक दिवस गेला. सलीमभाईंनी खांब पुन्हा घासला.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी खांबाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी खांबावर शिंपडलं. चारही बाजूंनी!

"आई, अहो हे काय?"

"ओरडतीस काय? घराचा खांब हाय. मढं हाय का ते, नुसतं कापड गुंडाळायला?"

सलीमभाई सिमेंटच्या पोत्यावर मटकन बसले. मग दिरांचा टेबलफॅन पार्किंगमध्ये आणून खांब वाळवला, पुन्हा घासला. "ताई, उद्या शेवटचं. परवा मी सांगोल्याला चाललो. मग पंधरा दिवस न्हाय!"

पंधरा दिवस! माझं डोकंच फिरलं. "या घरात एकालाही शिस्त नाही! साधं ऐकता येत नाही! आता मीच बघते!" नवरा म्हणाला, "अगं, जरा हळू." त्यालाही झापलं.

संध्याकाळी मी मोठ्या कागदांवर जाड मार्करनं आठ नियम लिहिले आणि खांबाच्या चारही बाजूंना चिकटवले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मागे भरपूर गोंद थापला. खांब दिसेनासा झाला. कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली.

सकाळी सलीमभाईंनी कागद ओढला. अर्धा हातात आला, अर्धा खांबावरच राहिला. हातातला त्यांनी मोठ्यानं वाचला.

"नियम एक. खांबाला काहीही लावू नये." त्यांनी वर पाहिलं. "कुणी लावलं हे?"

आमच्या घरात आमटीच्या तिखटावरही कधी एकमत होत नाही. पण त्या क्षणी सातही माणसांची बोटं माझ्याकडे वळली. टेबलफॅनसुद्धा वळला!

गोंद खडीच्या फटीफटीत शिरला होता. तो खरवडण्यातच संध्याकाळ झाली आणि कापड राहिलं ते राहिलंच. सांगोल्याला निघताना सलीमभाई सासूबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आजी, पुढच्या बारीला खांब घासला की ताईंना दोन दिवस माहेरी पाठवा."

सासूबाई म्हणाल्या, "दोनच?"