साडूंसाठी मुरवलेली बाटली

खिडकीतल्या उन्हात ग्लासातली पांढरी वाईन चहासारखी तांबूस दिसली, तरी मी ग्लास साडूंच्या हातात दिला. "तुम्हाला वाईनमधलं काय कळतं?" असं साडूंनी एकदा साऱ्या सासुरवाडीसमोर विचारलं होतं. त्यांची जिरवायची म्हणून ही साधी नाशिकची बाटली मी बारा वर्षं गॅसच्या वरच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी मुरवली.

साडूंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "अहो, हे काय लोणचं आहे? ही दोन वर्षांत संपवायची. चांगली पोर्ट वाईन असती तर चाळीस वर्षं टिकली असती!"

बाटलीतल्या वाईनचा व्हिनेगर झाला; माझा राग मात्र अजून पहिल्या दिवसासारखा कडक आहे. उद्याच पोर्ट आणतो. चाळीस वर्षं ती टिकेल, डूख धरून मीही टिकेन. साडूंनी तेवढी तब्येत सांभाळावी.