वेशीवरचं नाव

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी मंडईतले भाव न विचारता सांगतो.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. मोडी वाचता येते, म्हणून लोक जुने कागद घेऊन घरी येतात. वाचण्याची हौस मोठी, मिरवण्याची त्याहून मोठी.

वाघोलीपलीकडच्या एका गावाने बादशाही अमलात बंड केलं होतं. परमुलखातून आलेला ठाणेदार बियाणंसुद्धा उचलून न्यायला लागला, तेव्हा गावाने वेशीचे दरवाजे लावले आणि त्याच्या स्वारांना आत येऊ दिलं नाही. त्या बंडाचा दगड वेशीवर बसवायचं ठरलं. मजकूर माझा. बंडाचा पुढारी म्हणून मी गावच्या पाटलांच्या पूर्वजाचं नाव घातलं. आधार? पाटलांकडे जेवताना ऐकलेलं! विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याचा कान धरला असता.

दगड कोरून झाला, अनावरणाला आठ दिवस उरले, आणि सखारामबाबा आले. त्यांचं घराणं वेसकरांचं, पिढ्यान्‌पिढ्या वेस राखणारं. फडक्यातला कागद पुढे करून म्हणाले, "सर, बंड आमच्या म्हाताऱ्यानं केलं, आसं घरात सांगत्यात. नाव हाय का बघा की."

नाव होतं. स्वच्छ अक्षरात. गावच्या सभेची साक्षच होती ती — पाटील आदल्या दिवशी ठाणेदाराकडे पळाला, दरवाजे वेसकराने लावले, गाव त्याच्या मागे उभं राहिलं.

दगड बदलायला असे किती दिवस लागले असते? पण मग कबूल करावं लागलं असतं — सरांनी कागद न बघताच लिहिलं. मी म्हणालो, "नाही हो बाबा. जमिनीच्या वादाचा कागद आहे हा."

चिडतील असं वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं! दुसऱ्या कोणाला तरी दाखवला असता. "तुम्ही वाचलं म्हंजे झालं," एवढंच म्हणाले.

अनावरणाला पहिल्या रांगेत बसून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी बोललो कशावर — तर सामान्य माणसाच्या धैर्यावर. लाज कशी वाटली नाही मला?

तीन वर्षांपूर्वी ते गेले. भेटायला गेलो तेव्हा सून सांगत होती — सासऱ्यांनी तो कागद मला दाखवला त्याच आठवड्यात चुलीत घातला. घरात ताकीद दिली, बंडाची गोष्ट पुन्हा कोणाला सांगायची नाही. म्हणाले, आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खोटं बोलत आली.

मी तिथे चहा घेतला. तेव्हाही बोललो नाही.