किटलीचा कान

मावशी दर मंगळवारी यायची ती फक्त काचेच्या कपाटातली चिनी मातीची भांडी धुवायला. केर-फरशीला दुसरी बाई होती. टबाच्या तळाशी टॉवेल अंथरायचा, हातातली अंगठी काढून ठेवायची, कोमट पाण्यात एका वेळी एकच नग घ्यायचा. सोनेरी काठाला घासणी लावायची नाही, नक्षीतली धूळ मऊ ब्रशने काढायची, कप कानाला धरून उचलायचा नाही. हे सगळं तिला झोपेतही जमलं असतं. तरी घरच्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि दर दोन मिनिटांनी म्हणायच्या, "जपून हं."

अहो, किती जपून? एकोणीस वर्षांत तिच्या हातून साध्या बशीचा टवका उडाला नव्हता. तेवढ्या एका गोष्टीवर तिला आणखी चार घरची कपाटं मिळाली होती. उद्या कुणी म्हटलं की हिच्या हातून फुटतं, तर चारही घरं बंद.

चहाची किटली मात्र ती कधीच पाण्यात बुडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, बस. काम धरल्याच्या दुसऱ्याच वर्षी तिला किटलीच्या कानाखाली केसाएवढी रेघ दिसली होती. आदल्या मंगळवारी ती रेघ नव्हती. कुणीतरी कान मोडून परत चिकटवला होता. कपाटाची किल्ली बाईंकडेच असायची, त्यामुळे चोर शोधायला पोलीस नको होते. हा चहाचा संच बाईंच्या सासूचा, आणि यजमानांचा त्याच्यावर जीव. मावशीने ताकास तूर लागू दिली नाही. ती किटली का बुडवत नाही, हे बाईंनीही कधी विचारलं नाही. दोघींची सतरा वर्षं अळीमिळी गुपचिळी.

या मंगळवारी मुलगा आणि सून राहायला आले होते. सुनेला मदतीचा उमाळा आला. मावशी पोचायच्या आत तिने अख्खा संच साबण घालून कढत पाण्यात भिजत टाकला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मावशी दारात चपला काढते आहे तोवर सुनेने किटली कानाला धरून उचलली. कान राहिला हातात आणि किटलीचे सिंकमध्ये तीन तुकडे झाले.

मुलगा तो कान घेऊन बाहेर बाईंपाशी आला. मावशी त्याच्या मागोमाग.

"याला आधीच गोंद लावलेला आहे," तो म्हणाला. "मावशी, तुमच्या हातून कधी पडली होती का? तेव्हाच सांगायचं ना. कुणी खाल्लं नसतं तुम्हाला."

मावशीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलक्लॉथची सुरकुती सरळ केली.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "होतं माणसाकडून. मी तिला केव्हाच माफ केलंय."

माफ! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना उभं करून 'खरं बोल' म्हणणारी ही बाई, आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी.

"तुमची माफी मला नको," ती मुलाकडे वळून म्हणाली. "मी ही किटली सतरा वर्षं पाण्यात का बुडवली नाही, ते तुमच्या आईला विचारा. आणि मी काही बोलले का नाही, तेही विचारा."

मुलगा आईकडे वळला. 

"तुझे बाबा रागावले असते," बाई म्हणाल्या. आवाज अगदी पडला होता. "त्यांच्या आईची होती ती. ते बाहेर गेले होते तेव्हा माझ्या हातून पडली. मला फार भीती वाटायची रे त्यांची."

हे मावशीला माहीत नव्हतं. राग जागच्या जागीच होता, पण कुणावर काढायचा ते कळेना.

"बाई, साहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.

"हो गं."

"मग आता कुणाला घाबरून माझं नाव घेतलंत?"

 बाईंनी मुलाच्या हातातून तो कान घेतला, खुर्चीच्या हाताला धरून उठल्या आणि कान आपणच मोडला होता हे सुनेला सांगायला स्वयंपाकघरात गेल्या.